एक स्वर नीट ऐका: जेफ बेकच्या गिटारची ओळख करून घेताना

लंडनच्या सोहो भागात 'रॉनी स्कॉट्स' नावाचा जुना जॅझ क्लब आहे. जागा लहान, श्रोते वादकांच्या अगदी पुढ्यात बसलेले. नोव्हेंबर २००७ मध्ये जेफ बेक तिथे काही रात्री वाजवत होता आणि त्या मैफिलींचं चित्रीकरण झालं. कॅमेरा पुन्हा पुन्हा त्याच्या उजव्या हाताकडे वळतो. हातात पिक, म्हणजे तार छेडायची छोटी चकती, नाही. अंगठा तार छेडतोय, करंगळी व्हॉल्यूमच्या बटणाशी आहे आणि मधली बोटं एका वाकवलेल्या धातूच्या दांडीला धरून आहेत. एका हाताची तीन कामं चालली आहेत, आणि कानावर येतो तो एकच स्वर, एखाद्या गायिकेने श्वास भरून लावावा तसा.

ज्यांच्या कानावरून इलेक्ट्रिक गिटार आजवर नुसती गेली, पण ज्यांनी ती बसून ऐकली नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. गिटार वाजवता यायला हवी असं नाही. रॉक संगीताचा इतिहास पाठ असण्याचीही गरज नाही. नवखा श्रोता बहुतेक वेळा वेगापाशी अडकतो. बोटं भराभर धावली की 'काय वाजवतो!' म्हणायचं आणि संथ वाजलं की वाट बघत बसायचं. मीही कित्येक वर्षं तशीच ऐकत होते. माझं म्हणणं असं की वेग काही दिवस बाजूला ठेवा. एक स्वर कसा निघतो, मध्ये त्याचं काय होतं आणि तो कसा संपतो, एवढंच ऐका. मोठा वादक तिथे सापडतो.

त्यासाठी एकच वादक निवडा आणि महिनाभर त्याच्याजवळ राहा. मी जेफ बेक निवडला आहे. तो १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मला आणि जानेवारी २०२३ मध्ये, ७८व्या वर्षी गेला. त्याला निवडायचं कारण सरळ आहे. त्याने गायचं काम जवळजवळ पूर्णपणे गिटारवरच सोपवलं, आणि आवाजातले बहुतेक बदल तो यंत्रांच्या ऐवजी हाताने करायचा. शिकाऊ कानाला अशा वादकाकडून जितकं कळतं तितकं दुसऱ्या कुणाकडून क्वचितच कळेल.

पायरी १: वाद्याची जुजबी ओळख

इलेक्ट्रिक गिटारचं लाकूड बहुधा भरीव असतं. ॲम्पला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या यंत्राला, न जोडता तार छेडली तर आवाज जेमतेम शेजारच्याला ऐकू येईल इतकाच. तारांच्या खाली पिकअप बसवलेले असतात. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या अतिशय बारीक तारेचे हजारो वेढे. पोलादी तार चुंबकाजवळ थरथरली की वेढ्यांमध्ये क्षीण विद्युत संकेत तयार होतो आणि तो ॲम्पकडे जातो. म्हणजे आवाज घडतो तो बोटांत, गिटारमध्ये आणि ॲम्पमध्ये.

ॲम्पला त्याच्या ताकदीपेक्षा मोठा संकेत दिला की ध्वनिलहरींचे शेंडे कापले जातात. आवाज खरखरीत, दाट होतो. यालाच ओव्हरड्राइव्ह किंवा डिस्टॉर्शन म्हणतात. त्याचा एक परिणाम लक्षात ठेवा: आस वाढते, म्हणजे स्वर जास्त वेळ टिकतो, पण हलका आघात आणि जोरदार आघात यांतला फरक पुसट होत जातो. खूप डिस्टॉर्शन घेतलं की कच्चा हातही बराचसा झाकला जातो. बेकचं बरंचसं वादन याच सीमारेषेवर चालतं. हळू छेडलं तर आवाज स्वच्छ, जोरात छेडलं तर तोच आवाज फाटतो. ॲम्पचं बटण न हलवता तो दोन्ही आवाज काढतो.

त्याची गिटार उत्तरायुष्यात बहुतेक वेळा फेंडर स्ट्रॅटोकास्टर होती. हे मॉडेल १९५४ मध्ये आलं. त्यातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. एक म्हणजे व्हॉल्यूमचं बटण तारांच्या इतकं जवळ असतं की छेडता छेडता करंगळी तिथे पोचते. दुसरी म्हणजे ती दांडी, व्हॅमी बार. तारा जिथे अडकवलेल्या असतात तो ब्रिज दांडीने हलतो. दांडी खाली दाबली की तारा सैल होऊन स्वर उतरतो. ब्रिज थोडा अधांतरी ठेवलेला असेल तर दांडी वर ओढून स्वर चढवताही येतो. बेक तो तसा अधांतरी ठेवायचा. वाद्याबद्दल सध्या एवढं पुरे.

पायरी २: एकाच स्वराचे तीन भाग

आता पहिली रचना लावा: 'कॉज वी'व्ह एन्डेड ॲज लव्हर्स'. ती १९७५ च्या 'ब्लो बाय ब्लो' या अल्बममध्ये आहे. निर्माता जॉर्ज मार्टिन, म्हणजे बीटल्सच्या ध्वनिमुद्रणांमागचा माणूस. पूर्ण रचना लगेच ऐकू नका. पहिलं मिनिट ऐका आणि थांबा. असं तीनदा करा.

पहिल्या वेळी स्वराची सुरुवात ऐका. गिटारच्या तारेला एरवी 'टण्' असा आघात असतो. इथे सुरुवातीच्या स्वरांना तो आघातच नाही. स्वर शांततेतून हळूच वर येतो, व्हायोलिनचा गज टेकवल्यासारखा. होतं असं की व्हॉल्यूमचं बटण आधी शून्यावर असतं, तार छेडली जाते तेव्हा काहीच ऐकू येत नाही, आणि छेडल्यानंतर करंगळी बटण उघडते. आघात अंधारात राहतो, उजेडात येते ती फक्त आस. वादक याला व्हॉल्यूम स्वेल म्हणतात. सांगायला सोपं आहे. पण प्रत्येक स्वराला तार छेडणं आणि बटण फिरवणं यांत क्षणाचा काही अंश इतकंच अंतर ठेवायचं आणि वर लय सांभाळायची, हे हाताच्या तयारीचं काम आहे.

दुसऱ्या वेळी स्वराच्या मधल्या भागावर लक्ष ठेवा. लांब स्वर लावला की तो स्थिर राहतो का? थोड्या वेळाने थरथरू लागतो का? या थरथरीला व्हायब्रेटो म्हणतात, आणि ती वादकाची सही असते. कुणाची थरथर बारीक आणि जलद, कुणाची रुंद आणि सावकाश. काहींची स्वर लागताक्षणी सुरू होते. मुरलेला वादक आधी स्वर सरळ उभा करतो आणि मग, तो कानात बसल्यावर, हलवतो. आपल्याकडे जाणकार गायकाचा 'स्वरलगाव' म्हणून जे ऐकतात तेच इथे ऐकायचं आहे.

तिसऱ्या वेळी शेवट. ही सगळ्यांत दुर्लक्षित जागा. स्वर आपोआप विरला की मुद्दाम थांबवला? थांबवताना खाली घसरला का? पुढच्या स्वराला चिकटला की मध्ये पोकळी राहिली? बेकच्या वादनात वाक्याच्या शेवटी स्वर किंचित खाली झुकतो, बोलताना आपला आवाज पडतो तसा. एकदा हे ऐकू आलं की त्याची वाक्यं सुटी सुटी कळायला लागतात.

तीन वेळा ऐकून झाल्यावर पूर्ण रचना सलग ऐका. मला पहिल्यांदा असं ऐकताना वाटलं होतं की ही रचना आपण आधी कधी ऐकलीच नव्हती.

पायरी ३: बेंड, म्हणजे ओढलेली तार

गिटारच्या मानेवर फ्रेट म्हणजे धातूच्या पट्ट्या ठरावीक अंतरावर ठोकलेल्या असतात, म्हणून स्वर पायऱ्यांसारखे सुटे मिळतात. दोन पायऱ्यांच्या मधलं हवं असेल तर डाव्या हाताने तार आडवी ढकलायची किंवा ओढायची. ताण वाढतो, स्वर चढतो. याला बेंड म्हणतात. सतारीवरची मींड ऐकून ज्यांचा कान घडलाय त्यांना हे लगेच ओळखू येईल, कारण क्रिया तीच आहे: पडद्यावर तार आडवी ओढणं. सतारीवर ओढ कितीतरी लांब जाते. गिटारवर बहुतेक बेंड अर्ध्या किंवा एका पूर्ण स्वराचे, कधी दीड स्वराचे असतात.

एक पूर्ण स्वर चढवायचा तर तारेचा ताण सुमारे सव्वापट करावा लागतो. आणि नेमकं कुठे थांबायचं हे सांगणारी पट्टी तिथे नसते. कानच सांगतो. म्हणून बेंड ऐकताना पहिला प्रश्न सुरेलपणाचा: जिथे पोचायचं होतं तिथे पोचला का? कमी पडला तर स्वर आंबट लागतो, जास्त झाला तर बोचतो. नवशिक्याची गिटार बेसूर वाटते ती बहुधा इथेच.

दुसरा प्रश्न वाटेचा. तो तिथे पोचला कसा? एका झटक्यात, की मधल्या श्रुती दाखवत रेंगाळत? कधी वादक तार आधीच ओढून ठेवतो आणि मग छेडतो, म्हणजे स्वर वरून सुरू होतो आणि खाली उतरतो. हे विशेष अवघड आहे, कारण छेडण्याआधी स्वर ऐकूच येत नसतो. बोटांना तो ताण आठवणीने ठाऊक असावा लागतो.

एक छोटा सराव करून पाहा. कुठलाही लांब बेंड ऐका, रेकॉर्डिंग थांबवा आणि तो गळ्याने म्हणा. निघताना कुठला स्वर होता, पोचला कुठे, मध्ये किती वेळ घेतला. आवाज कसाही असो, गळ्यातून काढलं की कानाला कळतं. हा सराव दोन-चार दिवस केला तर बाकी काही न करताही ऐकण्यात फरक पडतो.

पायरी ४: आधी गायिका, मग गिटार

ही माझ्या मते सगळ्यांत मोलाची पायरी आहे. सवड असेल तर एक पूर्ण संध्याकाळ हिला द्या.

मघाची रचना मुळात गाणं आहे. स्टीव्ही वंडरने ती लिहिली आणि १९७४ मध्ये सिरीटा राइट या गायिकेच्या अल्बममध्ये ती आली. आधी सिरीटाचं गाणं ऐका. शब्द कळले नाहीत तरी चालेल. ती श्वास कुठे घेते, कुठल्या अक्षरावर रेंगाळते, कुठे आवाज दबका करते, एवढं ऐका. लगेच बेकचं ऐका. शब्द गेले, पण श्वास शिल्लक आहेत. दोन ओळींमध्ये तो थांबतो तिथे गायिकेला दम घ्यावा लागला असता, त्याला त्याची गरज नाही, तरी तो थांबतो. पुढे रचना वाढत जाते आणि गिटार मानवी गळ्याला न झेपणाऱ्या जागी जाते. मग ती वाढही जास्त भिडते, कारण सुरुवात गळ्यापासून झालेली आहे.

दुसरी जोडी 'नादिया'. नितीन साहनी या ब्रिटिश संगीतकाराच्या 'बियाँड स्किन' (१९९९) या अल्बममध्ये हे गाणं आहे, आणि ते गायलं आहे स्वाती नाटेकर यांनी. खाली जलद, आधुनिक ताल, वर हिंदुस्थानी वळणाचा गळा. बेकने ते २००१ च्या 'यू हॅड इट कमिंग' या अल्बममध्ये गिटारवर वाजवलं.

मराठी कानाला इथे आयतीच वाट सापडते. नाटेकरांच्या गाण्यातल्या मुरक्या, कणस्वर, मींड आपल्याला सवयीने ऐकू येतात. त्यातली एकच जागा निवडा, जिथे आवाज पटकन दोन-तीन स्वरांना स्पर्श करून मुख्य स्वरावर परत येतो. ती चार-पाच वेळा ऐकून पाठ करा. मग बेकच्या ध्वनिमुद्रणात तीच जागा शोधा. फ्रेटवर बोटं ठेवून प्रत्येक स्वर वेगळा छेडला असता तर ती जागा हार्मोनियमसारखी तुटक वाजली असती. तो तार एकदा छेडतो आणि उरलेली हालचाल दांडीच्या हलक्या दाबाने आणि डाव्या बोटांच्या सरकण्याने करतो. स्वर एकाच श्वासात वळतो. हुबेहूब गळा झाला, असं मी म्हणणार नाही. काही जागा गिटारवर कोरड्या होतात, आणि आपल्या कानाला तो फरक जाणवणारच. पण धातूची दांडी आणि पोलादी तार यांतून मुरकी काढायची, हे मनात येणं आणि ते सुरात करून दाखवणं, दोन्हींना मी मनापासून दाद देते.

भारतीय आवाजाकडे त्याचा कान फार आधी गेलेला होता, हे इथेच सांगून टाकते. १९६५ मध्ये एरिक क्लॅप्टन यार्डबर्ड्स या बँडमधून बाहेर पडल्यावर बेक त्याच्या जागी आला. त्याच वर्षी 'हार्ट फुल ऑफ सोल' या गाण्यासाठी सतारवादकाला स्टुडिओत बोलावून ध्वनिमुद्रण झालं होतं. प्रसिद्ध झालेल्या गाण्यात मात्र ती धून बेकच्या गिटारवर आहे. फझ नावाच्या उपकरणाने आवाज मुद्दाम खरखरीत करून त्याने तारेत जवारीसारखी झणझण आणली. सुरुवातीची काही सेकंदं ऐकली तरी पुरे.

पायरी ५: दांडीवर तोललेली धून

'व्हेअर वेअर यू' ही रचना १९८९ च्या 'गिटार शॉप' अल्बममधली आहे. ड्रम नाहीत. कीबोर्डचा पसरलेला आधार आणि त्यावर एकटी गिटार. ही रात्री, दिवा मालवून ऐका.

यात काय चाललंय ते समजायला हार्मोनिक्स माहीत हवेत. तारेच्या बरोबर मध्यावर, म्हणजे बाराव्या फ्रेटच्या वर, बोट न दाबता नुसतं टेकवलं आणि तार छेडून बोट उचललं की घंटेसारखा, पोकळ, उंच स्वर निघतो. तो वरच्या सप्तकातला असतो. सातव्या आणि पाचव्या फ्रेटवरही असे स्वर मिळतात. अडचण अशी की हे स्वर मोजकेच आहेत. त्यांतून पूर्ण धून बांधता येत नाही.

बेक इथे दांडी वापरतो. हार्मोनिक वाजवायचा आणि तो वाजत असताना दांडीने त्याला हव्या त्या स्वरावर नेऊन ठेवायचं. कधी दांडी आधी दाबून धरायची, मग छेडायचं आणि हळूहळू सोडत वर यायचं. धुनेचे कितीतरी स्वर असे आहेत की त्यांच्यासाठी तिथे फ्रेट नाही, बोट नाही, काहीच नाही. तळहाताखालच्या दांडीचा दाब मिलिमीटरभर इकडेतिकडे झाला तर स्वर चुकलाच. डाव्या हाताने बेंड करताना निदान बोटाला तार जाणवते. इथे सगळी भिस्त कानावर आहे.

या रचनेची प्रेरणा म्हणून बेक बल्गेरियन स्त्रियांच्या समूहगानाचा उल्लेख करत असे. ते गायन ऐकलं असेल तर उघड्या, ताठ आवाजात स्वर अचानक वर उचलण्याची त्यांची लकब इथे ओळखू येते. नसेल ऐकलं तर 'व्हेअर वेअर यू' नंतर जरूर ऐका.

ऐकताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: आत्ता वाजतोय तो स्वर स्थिर आहे की वाटेत आहे? पहिल्या दोन-तीन वेळा उत्तर देता येणार नाही. पुढे येतं.

पायरी ६: डोळे मिटून, मग उघडून

आता सुरुवातीला सांगितलेलं २००७ चं चित्रीकरण बघा. सोबत ड्रम्सवर व्हिनी कोलायुटा, कीबोर्डवर जेसन रेबेलो आणि बेसवर, म्हणजे खर्जाच्या गिटारवर, टॅल विल्कनफेल्ड, तेव्हा जेमतेम वीस वर्षांची. एक रचना आधी डोळे मिटून ऐका, मग तीच बघा. क्रम उलटा करू नका. आधी पाहिलं की डोळे कानाच्या पुढे धावतात.

बघताना उजव्या हातावर नजर ठेवा. १९८० च्या दशकात बेकने पिक सोडून दिलं. पिकचा आघात टोकदार आणि बराचसा सारखा असतो. अंगठ्याचं मांस तारेला लागलं की आवाज गोल होतो, नख लागलं की धारदार, आणि तर्जनीने तार उचलून सोडली की ती मानेवर आपटून सटकन वाजते. एकाच वाक्यात हे तिन्ही येतात. डोळे मिटून ऐकताना जो फरक नुसता जाणवला होता तो आता कुठून येतो ते दिसतं.

'एंजल (फुटस्टेप्स)' मध्ये तो काचेची नळी, म्हणजे स्लाइड, वापरतो. स्लाइड तारेवर नुसती टेकवायची असते, दाबायची नाही. फ्रेटबोर्ड संपला तरी तो थांबत नाही. पिकअपच्या वर, जिथे खुणेला एकही पट्टी नाही तिथे, स्लाइड टेकवून अतिशय उंच स्वर काढतो. हातभर मोकळ्या तारेवर कणभर जागा अचूक सापडणं काय असतं, हे व्हायोलिन वाजवणाऱ्यांना विचारा.

आणि तो वाजवत नसतो तेव्हाही त्याच्याकडे बघा. 'कॉज वी'व्ह एन्डेड ॲज लव्हर्स' मध्ये विल्कनफेल्डचा बेसवरचा सोलो येतो. बेक मागे सरतो, तिला पूर्ण जागा देतो आणि चेहऱ्यावरचा आनंद लपवत नाही. नंतर त्याची गिटार परत येते तेव्हा तिने जिथे सोडलं तिथूनच पुढे जाते. साथीदारांना ऐकत वाजवणं हेही कसबच आहे, पण नुसतं ध्वनिमुद्रण ऐकताना ते हातून निसटतं.

पायरी ७: आता वेग

इतकं झाल्यावर वेगाकडे या. वेग हा काही दोष नाही. १९७८ मध्ये एडी व्हॅन हेलनचं 'इरप्शन' आलं. दोन मिनिटांहून कमी लांबीचं हे वादन. त्यात उजव्या हाताची बोटंही फ्रेटबोर्डवर आपटून स्वर काढली जातात, याला टॅपिंग म्हणतात. टॅपिंग त्याच्या आधीही होतं, पण हे ऐकून जगभरच्या गिटारवादकांची एक अख्खी पिढी त्याच्या मागे लागली. ॲलन होल्ड्सवर्थ याच्या अगदी वेगळा: तो डाव्या हाताने बहुतेक स्वर काढतो, छेडणं कमीत कमी, म्हणून जलद ताना पाण्यासारख्या वाहतात.

जलद वादन ऐकताना मी इतकंच तपासते: प्रत्येक स्वराला दाणा आहे का, तान लयीत बसते का, आणि ती कुठे जाऊन थांबते. तिसरं सर्वांत महत्त्वाचं. सुरेख तान समेवर येते तेव्हा ऐकणाऱ्याची मान आपोआप हलते. गिटारच्या जलद तुकड्यालाही असं पोचण्याचं ठिकाण असावं लागतं. बेकचं 'स्कॅटरब्रेन' याच दृष्टीने ऐका. नऊ मात्रांच्या हिशेबात पळणारी ती धून आहे, आणि तीही 'ब्लो बाय ब्लो' मधलीच.

पायरी ८: शैली ओळखणं

कौशल्य मोजता येतं, शैली ओळखावी लागते. त्यासाठी शेजारी दुसरा वादक हवा. बी. बी. किंगचे फक्त चार-पाच स्वर ऐका. त्याचा व्हायब्रेटो मनगटातून येतो, जलद आणि झगमगता, आणि स्वर कमी, जागा मोकळी. डेव्हिड गिल्मर बेंड सावकाश, पायरी-पायरीने चढवतो. जिमी हेन्ड्रिक्स डावखुरा. बहुतेकदा उजव्या हाताची गिटार उलटी धरून वाजवायचा आणि ॲम्पच्या घुमण्यालाही सुरात घ्यायचा. बेकच्या वादनात आवाजाचा पोत दर काही सेकंदांनी बदलतो आणि वाक्य कुठे वळेल याचा अंदाज बांधता येत नाही.

मित्राला या चौघांचे अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे तुकडे नाव न सांगता लावायला सांगा. चुकाल, हरकत नाही. अंदाज कशावरून बांधला ते मात्र मोठ्याने सांगा: 'थरथर रुंद आहे', 'आघात ऐकूच आला नाही', 'स्वर खालून आला'. स्वतःच्या शब्दांत सांगता येऊ लागलं की कान तयार होतो आहे असं समजा. 'सर्वश्रेष्ठ गिटारवादक कोण' अशा याद्या मात्र या महिन्यात वाचू नका. बेकला आठ ग्रॅमी मिळाल्या, पण 'व्हेअर वेअर यू' ऐकताना त्या आकड्याचा काही उपयोग होत नाही.

थोडं व्यवहाराचं

फोनच्या स्पीकरवर हे ऐकू नका. स्वराचा शेवट आणि बेस, दोन्ही त्यात हरवतात. साधे हेडफोन पुरतात. आवाज मध्यम ठेवा. दिवसाला एक रचना पुरे, आणि तीच दोनदा. एक वही जवळ ठेवा आणि वेळ लिहा, उदाहरणार्थ '१ मि. १२ से., स्वर खाली पडला'. पंधरा दिवसांनी तीच जागा परत ऐका. काही वेळा आधी लिहिलेलं चूक निघतं, ते खोडून नवं लिहा.

कालक्रमाने सुरुवात करू नका. १९६५ पासून ऐकत आलात तर त्याचे नाजूक स्वर ऐकायला फार दिवस लागतील आणि मधल्या गोंगाटात कंटाळा येण्याचा धोका आहे. १९७५, १९८९, २००१, २००७ असे चार मुक्काम करा, आणि मग मागे जा.

महिना संपला की पुढचा वादक शोधायला लांब जायला नको. 'कॉज वी'व्ह एन्डेड ॲज लव्हर्स' बेकने रॉय ब्युकेनन या अमेरिकन गिटारवादकाला अर्पण केली होती. ब्युकेनन १९५३ ची जुनी टेलिकास्टर, फेंडरचीच दुसरी गिटार, वाजवायचा. तिच्यावरही व्हॉल्यूमचं बटण करंगळीच्या टप्प्यात येतं. त्याचं १९७२ चं 'द मेसाया विल कम अगेन' लावा. सुरुवातीला तो हळू आवाजात काही बोलतो, मग गिटार येते. तिच्यात असे स्वर शोधा की ज्यांना आघातच नाही. करंगळी कुठे असेल ते आता तुम्हाला न बघता कळेल.